देवाने ठेवून घेतलेला पाय

मोठ्या डोंगराच्या पाठीमागे एक रान होतं. त्या रानात वाघ होता तोवर राजेशाही होती. वाघ म्हातारा होऊन मेला, दुसरा आला नाही, आणि मग रानात लोकशाही आली. निवडणूक झाली. बलभीमराव नावाचा गवा निवडून आला, कारण तो सगळ्यांत मोठा होता आणि मतदान त्याच्या डोळ्यांदेखत होतं. निवडून आल्यावर पहिलं काम त्याने केलं ते स्वतःला राजा म्हणवून घेण्याचं. प्राण्यांनी हरकत घेतली नाही. वाघ न सांगता खायचा. हा निदान भाषण करून चरत होता.

याच रानात भिवरा नावाची एक भेकर राहायची. भेकर म्हणजे शेळीएवढं लहानसं हरीण. धोका दिसला की कुत्र्यासारखं भुंकतं. ऐन उमेदीत शेताच्या कुंपणाशी भिवराचा मागचा डावा पाय तारेच्या फासात अडकला. फासातून ती सुटली, पाय तिथेच राहिला. जखम भरायला सबंध हिवाळा गेला. त्यानंतर ती पुन्हा चालायला शिकली, मग पळायला. पळताना जरा तिरकी पळायची, एवढंच. कोणी विचारलं, "कसं काय चाललंय?" तर म्हणायची, "तीन पायांनी."

रानात मोठा पाणवठा एकच. त्याचा काठ मातीचा, निवांत उतरता. खुरांनी, पंजांनी, पोटांनी पिढ्यानपिढ्या घासून तो तसा झाला होता. भिवरा रोज त्या उताराने पाण्यावर जायची. तिच्या जोडीला असायची गोदाक्का, एक म्हातारी रानडुकरीण. गोदाक्काच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं, तिला दिसत नव्हतं. पण पायाखालची माती ओलसर लागू लागली की पाणी जवळ आलं हे तिला कळायचं. दोघींना कधी कोणी अपंग म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

मग पाणवठ्याचं सुशोभीकरण झालं.

सुशोभीकरण खातं पिसाजीराव मोराकडे होतं. कल्याण खातंही त्याच्याकडेच होतं, कारण दोन्हीत पिसारा लागतो. त्याने पाणवठ्याच्या चहूबाजूंनी घडीव दगडाच्या पायऱ्या बांधून घेतल्या. पायरीची उंची राजाच्या पावलाला सोयीची ठेवली होती. उद्घाटनाला राजा म्हणाला, "बंधूंनो, आजवर आपण चिखलात उतरून पाणी प्यालो. पुढारलेली राने पायऱ्यांवरून पाणी पितात! आजपासून आपणही पुढारलो." पिसाजीरावाने घोषणा दिली, "पायरी पायरीने," आणि सगळे ओरडले, "प्रगती!" एका सशाने शेजारच्याला हळूच विचारलं, "पण उतरायचं कसं?" शेजारी म्हणाला, "आधी घोषणा दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवरा पाण्यावर गेली. उतरताना ती हनुवटीवर आपटली, पण उतरली. वर येताना मात्र मागच्या एकट्या पायाला तो जोर झेपेना. ती उडी मारायची आणि पुन्हा खालच्या पायरीवर यायची. दुपार झाली तरी ती तिथेच होती. येणारेजाणारे "अरेरे" म्हणत बाजूने जात होते. संध्याकाळी एका सांबराने तिला शिंगांनी ढकलून वर काढलं, आणि मग आपण तिला वर काढलं हे तो महिनाभर सांगत फिरला.

फास लागला तेव्हा भिवराला दुखलं होतं. त्या दिवशी तिला पहिल्यांदा लाज वाटली. आणि आपल्याला लाज वाटली याचा तिला फार राग आला.

गोदाक्काचं तर त्याहून लवकर आटपलं. तिला पहिली पायरी कळलीच नाही. ती गडगडत थेट पाण्यात पडली. "पोचले एवढं खरं," बरगड्या चाटत ती म्हणाली. "पण असं रोज पोचायला मी काही दगड नाही."

दोघी पिसाजीरावाकडे गेल्या. भिवरा म्हणाली, "मंत्रीसाहेब, आमचं एवढंच म्हणणं आहे. एका कडेचे दगड काढा. खाली माती आहे तशीच आहे. जुना उतार आपोआप निघेल."

पिसाजीराव विचारात पडला. "मागणी फारच लहान आहे हो. एवढ्याशा मागणीसाठी योजना कशी आखायची?"

"योजना नको. दगड काढा."

पण पिसाजीरावाचं लक्ष आता तिच्या नसलेल्या पायाकडे गेलं होतं. त्याचे डोळे भरून आले. "तुम्हाला लोक लंगडी म्हणतात का?"

"नाही. भिवरा म्हणतात."

"पण म्हणत असतील, तर हे सरकार ते खपवून घेणार नाही!" असं म्हणून त्याने पिसारा फुलवला. पिसारा फुलला की भेट संपली असं समजायचं असतं.

चार दिवसांनी सुतार पक्ष्याने झाडाझाडावर चोच आपटून दवंडी दिली. यापुढे रानात कोणालाही लंगडं म्हणायचं नाही. 'देवपाद' म्हणायचं. अशा प्राण्याचा पाय गेलेला नसतो. तो पाय देवाला इतका आवडतो की देव तो स्वतःजवळ ठेवून घेतो. आंधळं म्हणायचं नाही, 'अंतर्ज्योती' म्हणायचं. जुना शब्द वापरणाऱ्याला शिक्षा होईल. कावळ्यांनी ही बातमी रानभर नेली. ऐतिहासिक निर्णय, ऐतिहासिक निर्णय, असा दिवसभर कालवा चालला होता.

दुसऱ्या दिवसापासून भिवराच्या दर्शनाला रीघ लागली. ससे तिच्या थोटक्या मांडीला डोकं टेकवू लागले. एक साळिंदर आपल्या पोरांना घेऊन आलं आणि म्हणालं, "पाया पडा. असतील त्या पायांच्या." भिवरा कोरड्या ओठांनी उभी होती.

रीघ ओसरल्यावर गोदाक्काने विचारलं, "म्हणजे आता आपल्याला नक्की काय मिळालं?"

"नाव."

"पिता येतं का?"

तेवढ्यात योजनाही आली. 'राजाश्रय देवपाद पाणी योजना.' प्रत्येक पात्र प्राण्याला रोज भोपळाभर पाणी जाग्यावर मिळणार होतं. पात्रता पारखमंडळ ठरवणार होतं. पारखमंडळ डोंगराच्या माथ्यावर बसत होतं, कारण तिथे वारा चांगला येतो.

भिवरा डोंगर चढली. वाटेत किती वेळा बसली ते तिचं तिलाच माहीत. मंडळाचा प्रमुख एक जाडजूड वानर होता. त्याने तिच्याभोवती एक फेरी मारली.

"पाय नाही म्हणता?"

"दिसतोच आहे ना साहेब."

"नसलेली गोष्ट दिसते कशी? बरं. किती पाय होते?"

"चार."

"आता?"

"तीन."

वानराने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे पंचवीस टक्के गेला. योजनेला चाळीस टक्के लागतात. बसत नाही तुम्ही."

"मग मी काय करू?"

"आणखी एक गेला की या," वानर सहानुभूतीने म्हणाला. "तुमचा पन्नास होईल. मग मीच सही करतो, चिंता करू नका."

तिच्या मागे रांगेत शुभ्रकांत बगळा उभा होता. एका पायावर. वानराने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. "पाय किती?" "दोन." "त्यांतला दिसतो एक. पन्नास टक्के. पात्र!"

"साहेब," भिवरा म्हणाली, "त्याने दुसरा पाय पोटाशी धरलाय. मासा दिसला की तो खाली ठेवतो. मी रोज बघते."

"मासा दिसला की दोन्ही पायांवर उभा राहतो?" वानराचा ऊर भरून आला. "याला म्हणतात जिद्द! नाहीतर तुम्ही. आल्यापासून रडगाणं."

शुभ्रकांताला भोपळाभर पाणी सुरू झालं. तो ते पाण्यात उभा राहून प्यायचा. पुढे त्याला देवपाद महामंडळाचा अध्यक्षही केलं, म्हणजे देवपादांचा आवाज सरकारदरबारी पोचेल. बगळे फारसे बोलत नाहीत, हा गुण त्याच्या निवडीच्या वेळी विचारात घेतला गेला. गोदाक्काचा अर्ज तर दारातच अडला. ती आंधळी असल्याची खूण दोन साक्षीदारांनी तिला दाखवावी आणि ती तिने पाहिल्याचं सांगावं, अशी अट होती.

उन्हं तापली. दोघी आता डोंगराच्या पलीकडच्या अंगाला एका डबक्यावर जाऊ लागल्या. तिथे फारसं कोणी जात नसे, कारण तिथे बिबट्या जात असे. भिवरा नजर ठेवायची, गोदाक्का वास घ्यायची. एकदा गोदाक्काने घाईघाईने नाक वर केलं आणि म्हणाली, "पळ." भिवरा भुंकत पळाली, गोदाक्का तिच्या भुंकण्याच्या मागे पळाली. बिबट्या करवंदीच्या जाळीतून निघाला तोवर दोघी काट्यांत घुसल्या होत्या. त्या दिवशी दोघी पाणी प्याल्याच नाहीत. चैत्र संपता संपता ते डबकंही आटलं. मग दोन-तीन दिवसांनी एकदा, रात्रभर चालून रानाच्या कडेच्या ओढ्यावर जायचं, एवढंच उरलं. भिवराच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. मंडळाने टक्क्यांत त्या धरल्या नाहीत.

अखेर सरकारने उतार बांधायचं ठरवलं. महामंडळाच्या अध्यक्षांनी तशी शिफारस केली होती म्हणतात. निदान त्यांनी मान हलवल्याचं कावळ्यांनी पाहिलं होतं. पण मातीचा उतार सरकारला शोभत नाही. म्हणून संगमरवरी शिळा आणल्या आणि त्यांत राजाला स्वतःचं तोंड दिसेपर्यंत त्या घासल्या. उताराच्या अगदी तोंडाशी चौथरा बांधून त्यावर राजाच्या नावाची कोनशिला बसवली. ती ओलांडल्याशिवाय उतारावर पाऊल ठेवता येत नव्हतं. भिवराने उद्घाटनाच्या आदल्या दिवशी हे पिसाजीरावाला दाखवलं. "कोनशिला काढली तर उतार कोणी बांधला ते कसं कळणार?" पिसाजीराव म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

उद्घाटनाला राजा स्वतः उतारावरून चालत जाणार होता. तो चौथरा चढला, दोन्ही बाजूंना मान लववली आणि उतारावर पाऊल टाकलं. पुढचं फार चटकन झालं. एवढा मोठा गवा एवढ्या वेगाने जाताना रानाने कधी पाहिला नव्हता. पाणी काठाबाहेर उसळलं. सगळ्यांनी ते पाहिलं, पण पाहिलं असं कोणी म्हटलं नाही. संध्याकाळी कावळ्यांनी बातमी दिली, की राजेसाहेबांनी विक्रमी वेळात पाणवठा गाठला.

राजाचा पुढचा उजवा पाय मुरगळला होता. दुसऱ्या दिवशी तो दरबारात लंगडत आला. कोणी काय म्हणावं ते कोणाला सुचेना. मग पिसाजीराव उठला आणि पुढचा पाय नसल्यामुळे आहे तोच उजवा पाय ओढत राजासमोरून गेला. ते बघून सांबर लंगडलं. मग वानर लंगडलं. दुपारपर्यंत दरबारात सरळ चालणारं कोणी उरलं नाही. आठवड्याभरात सगळं रान लंगडू लागलं. जो जास्त लंगडेल त्याची निष्ठा जास्त. कोल्ह्यांनी तर लंगडण्याचे वर्ग काढले. 'लंगडणं' या शब्दावर बंदी असल्यामुळे त्याला 'राजचाल' म्हणत.

अशा दिवसांत एकदा राजाची स्वारी चालली होती आणि भिवरा वाटेवरून बाजूला होत होती. पिसाजीरावाने तिच्याकडे निरखून पाहिलं आणि ओरडला, "थांबा! राजेसाहेबांचा पुढचा उजवा दुखतो. ही मागच्या डाव्याने लंगडतेय. हा उघड विरोध आहे!"

भिवराला दरबारात उभं केलं.

"सरळ चालून दाखव," राजा म्हणाला.

"सरळच चालते महाराज. तीन पायांवर सरळ चालणं असंच दिसतं."

"चौथा पाय कुठे आहे?"

"देवाकडे. तुमच्याच हुकुमात तसं म्हटलंय."

दरबारात कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. राजाचे कान लाल झाले. "राजचालीची टिंगल केल्याबद्दल हिला पाणवठ्यावर यायची बंदी!"

भिवराला तहान इतकी लागली होती की बोलवत नव्हतं. तरी ती बोलली. "महाराज, ती बंदी तुमच्या पायऱ्यांनी आधीच घातली आहे. तुम्ही आज फक्त तोंडाने सांगितलीत."

ती दरबारातून निघाली. बाहेर गोदाक्का बसली होती. सगळं ऐकून घेऊन तिने थोडा वेळ माती हुंगली.

"बंदी तुला आहे ना?"

"मला."

"मला नाही. आणि मला दिसत नाही. मी कुठे खणतेय हे मला कळायचं काही कारणच नाही." ती उठली. "चल. कडेचा दगड कुठला ते सांग."

भर दुपारी सगळा दरबार सावलीत झोपलेला असे. पाणवठ्याच्या पलीकडच्या अंगाला, करंजाच्या झाडाखाली, गोदाक्काने पहिल्या दगडाच्या फटीत मुसकट घातलं. भिवरा बंदीची हद्द सोडून बाहेर उभी राहिली आणि सांगत राहिली, "जरा डावीकडे. आणखी खाली. तिथे पोकळ आहे." कोणाची चाहूल लागली की ती एकदा भुंकायची आणि गोदाक्का म्हातारपणाची गुंगी आल्यासारखी लोळायची. पहिल्या दिवशी दगड नुसता हलला. गोदाक्काचं नाक रक्तबंबाळ झालं. "राहू दे आता," भिवरा म्हणाली. "राहू दे कसं? मला वास येतोय." "कसला?" "जुन्या मातीचा."

दुसऱ्या दुपारी तो दगड गडगडत पाण्यात गेला. त्याच्या आधाराने बसलेले बाकीचे मग फार हटवादीपणा न करता निघत गेले. खाली माती होती, तशीच, निवांत उतरती. पुढच्या काही दिवसांत एका भेकराला जाता येईल एवढी वाट मोकळी झाली. भिवराने बंदीची हद्द ओलांडली, उतरली आणि पाण्यात तोंड घातलं. किती तरी वेळ ती वर आलीच नाही. मग मान वर करून तिने एक मोठा श्वास घेतला. गोदाक्का शेजारी पोटापर्यंत पाण्यात बसली होती.

वाट लपून राहिली नाही. आधी एक गाभण नीलगाय त्या वाटेने उतरली. पायऱ्यांवर तिचं पोट आपटत होतं. मग ससे आले. साळिंदर पोरांना घेऊन आलं. एक कासव आलं, त्याने सुशोभीकरण झाल्यापासून नुसत्या दवावर दिवस काढले होते. मग लंगडून लंगडून ज्यांचे पाय खरोखरच दुखावले होते असे दरबारी आले. पिसाजीरावही आला, कारण पायऱ्यांत त्याचा पिसारा अडकायचा. सगळ्यांत शेवटी एका दुपारी आजूबाजूला कोणी नाही असं बघून स्वतः बलभीमराव आला. त्याचा पाय अजून दुखत होता. तो मातीवरून हळूहळू उतरला, पोटभर पाणी प्याला, वर चढून गेला. करंजाच्या सावलीत भिवरा उभी होती. दोघांची नजरानजर झाली.

तरी नियम तो नियम. उताराला अतिक्रमण ठरवून पाडापाडीसाठी रानरेड्यांचं पथक पाठवण्यात आलं. पथक उन्हातून आलं होतं. ते उताराने उतरलं, पाणी प्यालं, परत गेलं आणि कळवलं की तिथे पाडण्यासारखं काही आढळलं नाही. नुसती जमीन आहे. तोवर निवडणूकही जवळ आली होती. पिसाजीरावाच्या एकदम ध्यानात आलं, की हा उतार सरकारनेच केला आहे. त्याचं नाव 'बलभीम सुगम मार्ग' ठेवण्यात आलं. राजाचा पाय बरा झाला, तसं रानानेही एका दिवसात लंगडणं सोडलं. भिवरावरची बंदी कोणी उठवली नाही. ती घातली होती हेच सगळे विसरले.

लोकार्पणाची सभा ठरली. भिवरा आणि गोदाक्का यांचा सत्कार होणार होता. दोघी वेळेवर गेल्या. राजासाठी नवं व्यासपीठ बांधलं होतं, उंच, देखणं. भिवराने त्याच्याभोवती एक चक्कर मारली.

"काय झालं?" गोदाक्काने विचारलं.

"वर चढायला पायऱ्याच आहेत."

"मग?"

"मग काय. चल, पाण्यावर जाऊ."

दोघी उतारावर जाऊन बसल्या. वरून भाषणं ऐकू येत होती. त्यांच्या गैरहजेरीबद्दल पिसाजीरावाने खेद व्यक्त केला. सरकार एवढं करतं, पण या प्राण्यांना पुढे यायचंच नसतं, असं तो म्हणाला. मग राजा बोलायला उठला. उताराच्या यशाने आपण भारावून गेलो आहोत, असं त्याने सांगितलं. रानाच्या कडेकडेने अजून लहानसहान ओढे आहेत, डोह आहेत, आणि तिथले प्राणी आजही चिखलात उतरून पाणी पितात, ही शरमेची गोष्ट आहे. पुन्हा निवडून दिलंत तर एकाही डोहाचा काठ मातीचा ठेवणार नाही; सगळीकडे घडीव दगडाच्या पायऱ्या होतील, असं वचन त्याने दिलं.

सगळ्या प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. सभेला येण्याआधी बहुतेक जण उताराने जाऊन पाणी पिऊन आले होते. घसे ओले होते, त्यामुळे घोषणाही चांगल्या झाल्या.